भगवानरावांची मानाची जोडी

उंबरवाडीच्या भगवानरावांची ओळख दुसऱ्या कुणी करून द्यावी लागत नाही, ते स्वतःच करून देतात. ताडकळसच्या बाजारात नवा भाजीवाला दिसला तरी वांग्याचा भाव विचारायच्या आधी ते त्याला सांगतात, "आमी उंबरवाडीचे. पोळ्याला पयला मान आमचा." भाजीवाला म्हणतो, बरं, पण वांगी किती देऊ? मग भगवानरावांना वाटतं, ह्या माणसाला जनरीत ठाऊक नाही. ते वांगी न घेताच पुढं जातात आणि घरी बायकोची, कासाबाईंची, बोलणी खातात.

साठी उलटलेली, अंग काटकुळं, मिशा मात्र अंगाला न पेलणाऱ्या. बारा एकर शेत, त्यात सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी, म्हणजे गावात चारचौघांचं असतं तेच. पण चारचौघांसारखं असणं भगवानरावांना सोसत नाही. लग्नात पहिला टिळा दुसऱ्याला लागला तर ते जेवायला बसत नाहीत, आणि त्यांची मनधरणी करायला कुणी आलंच नाही तर शेवटच्या पंगतीला गुपचूप बसतात. एसटीत कंडक्टरनं आधी मागच्या माणसाचं तिकीट फाडलं म्हणून पोखर्णीपर्यंत रुसून उभं राहिलेला हा एकटाच माणूस असेल. सीट रिकामी होती.

तर मान असा. पोळ्याला गावातले सगळे बैल मारुतीच्या पारापुढं तोरणाखाली जमतात. भगवानरावांच्या घरची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाची जोडी पाऊल उचलत नाही. चार पिढ्यांचा हा दस्तूर. तो कसा पडला ह्याच्या गावात दोन कथा आहेत. भगवानरावांच्या कथेत त्यांच्या पणजोबांच्या बैलांनी मारुतीची शिळा एकट्यांनी ओढ्यातून ओढून काढली. बन्सीधर म्हणून गावात सगळ्यात म्हातारे, निवाड्याला बसणारे गृहस्थ आहेत, त्यांच्या कथेत पणजोबांचा बैल हलगीला बुजून दावं तोडून तोरणाखालून पळाला, आणि त्याला धरायला पणजोबा पळाले. पळून गेलेल्याला मागं कोण बोलावणार, म्हणून तोच पहिला धरला. कथा कुठलीही घ्या, मान मात्र पक्का.

हा मान चालवायला बैल लागतात, एवढीच त्यात बारीकशी अडचण होती. भगवानरावांच्या मुलानं, रविकांतनं, ट्रॅक्टर आणला आणि शेवटची जोडी व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढली. त्या दिवशी घास घशाखाली उतरला नाही असं भगवानराव सांगतात. दोनदा जेवले असं कासाबाई सांगतात. पुढच्या पोळ्याला बैल नाहीत म्हणून मान सोडतील तर ते भगवानराव कसले. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायची रीत आहे, ती त्यांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटला केली. दुसऱ्या दिवशी बॉनेटला बाशिंग बांधून ट्रॅक्टर तोरणाखालून काढला. कासाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ह्याला चारू कुटून? एका तोंडात डिझेल हाय अन एका तोंडात पानी." शेवटी पोळी रविकांतनं खाल्ली. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, अशी गावात कुजबुज झाली, पण ट्रॅक्टर पुढं गेल्यानं कुणाचं काही जात नव्हतं, म्हणून गावानं ते चालवून घेतलं. दरवर्षी चालवून घेतलं.

आता माळाचं. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. पूर्वी सगळ्या गावाची गुरं तिथंच चरायची आणि गुरांच्या आसपास हरणंही चरायची. आठ वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की हरणं, तित्तर, चंडोल ह्यांच्यासाठी माळ राखायचा, म्हणून गुरांना बंदी. गवत गुरं खातात, गुरं बंद केली की गवत हरणांना, इतका हा सोपा विचार होता, आणि सोपा विचार सगळ्यांना लवकर पटतो. गावात समिती झाली. समितीचे अध्यक्ष भगवानराव झाले, कारण त्यांची जोडी नुकतीच विकून झाली होती आणि चराई बंद होण्याचं दुःख व्हायला त्यांच्या दावणीला काही नव्हतं. माळाभोवती चर खणला, हरणाचं चित्र काढलेला फलक लागला, भगवानरावांनी नारळ फोडून भाषण केलं. गुरांनी माळाची माती केली, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या न वाजवणाऱ्यांत धुरपदाबाई होत्या. शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातली ही बाई. नवरा लवकर गेला, मेंढरं दिरांनी नेली, आणि हिनं लाल कंधारी गाई धरल्या त्या धरल्याच. माळ बंद झाल्यावर बाकीच्यांनी एकेक करून जनावरं कमी केली. धुरपदाबाई कालव्याच्या कडेनं, रस्त्याच्या कडेनं, कुणाच्या बांधाला लागून गाई चारत राहिल्या आणि ज्याच्या त्याच्या शिव्या खात राहिल्या. शिव्या देण्यातही पहिला मान भगवानरावांचा होता. "ए धुरपदे, खुट्याला बांध की गाई, का रस्ता बी खाऊन टाकती?" असं ते ट्रॅक्टरवरून ओरडायचे.

माळावर पहिली दोन वर्षं गवत छान आलं. फोटो निघाले. मग गवतावर गवत चढायला लागलं. खाणारं कुणी नाही, तुडवणारं कुणी नाही. जुनं गवत वाळून जागच्या जागी आडवं पडायचं आणि त्याच्या गादीतून नवं कसंबसं वर यायचं, तेही राठ, कुसळाचं. हरीण हे भित्रं जनावर, त्याला लांबवरचा लांडगा दिसेल असं मोकळं रान लागतं आणि खायला कोवळं, आखूड गवत लागतं. कमरेएवढ्या गवतात त्याला दोन्ही मिळेना. हरणांनी माळ सोडला आणि चर ओलांडून खाली सोयाबीनात मुक्काम केला. माळावर फलकावरचं एक हरीण उरलं, आणि तेही गवतात बुडून गेलं. ज्यांच्यासाठी माळ राखला ते पाहुणे निघून गेले आणि यजमान कुलूप सांभाळत बसले.

ह्या साली दीपिका नावाची नवी वनरक्षक बदलून आली. मोटारसायकलवर फिरणारी, कमी बोलणारी मुलगी. पोळ्याच्या दोन दिवसांनी तिनं गावाला मारुतीच्या पारावर जमवलं आणि सांगितलं की माळ गुरांना उघडायचा आहे. वरून तसं ठरलं होतं. माळाचे पाच पट्टे पाडायचे, एकावेळी एकाच पट्ट्यात गुरं घालायची. ती गवत आखूड करतील, जुनी गादी तुडवून मोडतील, की दुसरा पट्टा. बाकीचे पट्टे बंद ठेवायचे, कारण तित्तर आणि चंडोल उंच गवतात जमिनीवर अंडी घालतात.

"म्हंजे गुरं माळाची माती करत न्हाईत?" कुणीतरी मागून विचारलं, आणि दहा माणसांनी भगवानरावांकडं बघितलं.

भगवानराव अध्यक्ष होते. अध्यक्षाला मत बदलायला वेळ लागत नाही. "मी तवाच म्हनलो व्हतो, गुरांबिगर माळ म्हंजे मिशाबिगर तोंड," ते म्हणाले. असं ते कधीही म्हणाले नव्हते. पण सोयाबीन सगळ्यांचंच खाल्लं जात होतं, म्हणून जुनं उकरत बसायला कुणाला सवड नव्हती.

दीपिका म्हणाली, "गवताला कुसळ धरलं की गुरं तोंड लावणार नाहीत. त्याच्या आत सुरू करा. आणि बंद पट्ट्यात जनावर गेलं तर काय, ते तुम्हीच ठरवा."

भगवानरावांनी ताबडतोब ठरवलं. "ज्याचं जनावर बंद पट्ट्यात घुसंल त्यानं आट दिवस माळावर राखन बसायचं. सकाळपासनं दिस मावळंपतूर. मंग तो कोनबी असू. कबूल?" ज्याच्या दारात जनावर नाही त्याला शिस्तीचा उत्साह दांडगा असतो. सगळ्यांनी कबूल म्हटलं.

मग बन्सीधर खाकरले. त्यांनी नुसता एक प्रश्न टाकला. आठ वर्षं बंद असलेला माळ उघडतोय, हा सणासारखाच दिवस, तर पहिली कुणाची गुरं आत जायची?

एवढा वेळ पारावर टेकून बसलेले भगवानराव उभे राहिले. "हे काय पुसणं झालं? आमच्या घरची जोडी पयली जाईल. मंग समद्यांची."

"आन प्रत्येक पट्ट्याला?"

"प्रत्येक पट्ट्याला," भगवानराव म्हणाले. मान पाचपट होतोय एवढंच त्यांना ऐकू आलं होतं. "ट्रॅक्टर मी सजवतो."

"माळावर गाडी चालणार नाही," दीपिका म्हणाली. "कुठलीच."

पारावर हसू फुटलं. भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि जोडीची काळजी गावानं करू नये असं सांगितलं. बन्सीधर म्हणाले, करत नाही, पण पितरपाट लागायच्या आत उघडा, पित्रात शुभ काम होत नाही. घरी आल्यावर कासाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "जोडी कंची म्हनायची? तुमी अन मी?"

बैल विकत घ्यायचे तर ते वर्षभर पोसायचे, आणि भगवानरावांना मान हवा होता, शेण नको होतं. त्यांनी मेहुण्याला, बजरंगला, गाठलं. बजरंगचा पिंगळीला स्टेशनाजवळ दुधाचा धंदा, पत्र्याच्या गोठ्यात दहाबारा संकरित गाई. बैल त्याच्याकडंही नव्हते. त्यानं दोन काळ्यापांढऱ्या, पिपाएवढ्या गाई दाखवल्या. गाईंना नावं नव्हती, कानात पिवळे बिल्ले होते.

"दाजी, ह्यांनी जनमात माळ बघितला न्हाई," बजरंग म्हणाला. "कुट्टी, पेंड अन डोक्यावर पंखा. एवढंच ठावं हाय त्येंला."

"गवत म्होरं आल्यावर गाय काय पुसती व्हय, हे काय हाय म्हून?" भगवानराव म्हणाले. "दोन हायेत ना? मंग जोडीच झाली."

गणपती बसलेले होते, गावात उत्साह होता. ठरल्या सकाळी चर बुजवून केलेल्या वाटेवर आंब्याच्या पानांचं तोरण लागलं, हलगी आली. मागं गावातली राहिलेली सगळी गुरं, पाचसात बैलजोड्या, गाई, गोऱ्हे, आणि सगळ्यात मागं धुरपदाबाईंच्या लाल गाई. कमरेएवढं हिरवं गवत नाकासमोर डुलत होतं आणि जनावरं दावी ओढत होती. पिंगळीहून पिकअप आला. भगवानरावांनी लाल फेटा बांधला होता. फळ्यांवरून त्या दोन गाई खाली उतरल्या, खुरांखाली रबराची चटई नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या थांबल्या.

भगवानरावांनी कासरा ओढला. गाई हलल्या नाहीत. हलगी जोरात वाजली, तशी एक गाय मागं सरून पिकअपमध्ये परत चढायला लागली. दुसरीनं वास घेतला, समोरचा हिरवा माळ एकवार पाहिला आणि तोंड फिरवून भगवानरावांचे खिसे हुंगले. पेंड कुठंय, एवढाच तिचा प्रश्न होता. लोक सूचना करायला लागले. कुणी म्हणालं शेपूट पिरगाळा, कुणी म्हणालं पंखा आणा. भगवानरावांनी गवताची मूठ उपटून गाईच्या तोंडापाशी धरली, तर तिनं ती जिभेनं बाजूला सारली. ऊन चढलं, गाईंना धाप लागली. मग खिसे हुंगणारी ती गाय चार पावलं पुढं येऊन नेमकी तोरणाच्या खाली, वाटेच्या मधोमध बसली, आणि मान चालवायचा तो रस्ताच बंद झाला.

दुपार झाली. बजरंग डोकं धरून बसला, कारण संध्याकाळच्या दुधाचं आता काही खरं नव्हतं. चारपाच जणांनी उचलून गाय उठवली आणि पिकअप परत गेला. मागची गुरं समोर गवत असून उपाशी घरी फिरली. कुणाचीही आत गेली नाहीत. दस्तुराला मोडता कसा घालायचा? पुढं घुसावं आणि उद्या गावात एखादं वासरू मेलं तर बोट आपल्याकडं. धुरपदाबाईंनी गाई वळवल्या आणि जाता जाता मोठ्यानं म्हणाल्या, "आट वर्सं चराच्या भाईरच व्हतो. आजबी भाईरच."

भगवानराव ऐकून न ऐकल्यासारखं करून तोरण सोडत राहिले. त्या दिवशी त्यांना खरोखर लाज वाटली. लाज वाटण्याचं काम त्यांना सवयीचं नव्हतं, त्यामुळं ती रागासारखी दिसली, आणि त्यांनी हलगीवाल्याला झापलं.

दोन दिवसांनी हरणांच्या कळपानं बन्सीधरांच्या सोयाबीनचा एक कोपरा साफ केला. बन्सीधर काठी टेकत भगवानरावांच्या दारात आले. "पितरपाट तोंडावर आला," ते म्हणाले. "जोडी आना, न्हाईतर पारावर येऊन सांगा की मान सोडला. दोन्हीतलं काय बी करा, पर करा."

मान सोडला. हे दोन शब्द घोकत भगवानराव ओसरीवर येरझारा घालत राहिले. चार पिढ्या हातात हात देत आलेली गोष्ट आपल्या हातून पडणार, आणि वर लोक हसणार. खरं तर लोकांचं हसणं त्यांना जास्त लागत होतं, पण मनाशी ते पणजोबांचं नाव घेत होते. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला, वाटेत कुणी भेटणार नाही असं बघून, ते धुरपदाबाईंच्या अंगणात गेले. धुरपदाबाई धार काढत होत्या.

"धुरपदामाय," भगवानराव म्हणाले.

आठ वर्षांत धुरपदेची माय झालेली ऐकून बाईंचा हात थांबला. "बसा," त्या म्हणाल्या. "कुटं दुखायलंय?"

भगवानरावांनी आडवळणानं सांगितलं. गावाचं हित, माळाचं हित, हरणांचं हित, असं करत करत दोन गाईंपर्यंत आले. त्या दोन गाई भगवानरावांच्या म्हणून पुढं जातील, मागनं बाईंच्या बाकीच्या जातील, सगळ्यांचंच भलं.

"न्या," धुरपदाबाई म्हणाल्या. "गुंजी न्या आन बाळी न्या. कोन पुसलं तर मी तोंड उघडनार न्हाई. तुमी म्हना तुमची. पर एक हाय. येसन धरून फोटू काडला अन सोडून दिली, असं चालायचं न्हाई. माझ्या इतक्या गाई, मला एकटीला पट्ट्याच्या कडा राखनं हुईत न्हाई. जोडी तुमची, तर दिसभर तुमीच वळायची. सांजच्याला दावनीला आनून बांधायची."

"दिसभर?"

"गाय दिसभर खाती," बाई म्हणाल्या आणि पुन्हा धारेला लागल्या.

पितरपाट लागायच्या आदल्या दिवशी पहिला पट्टा उघडला. गुंजी आणि बाळीला ओढावं लागलं नाही, भगवानरावांनाच त्यांनी ओढत नेलं. तोरण, हलगी, फेटा, सगळं यथासांग झालं. मागून गावाची गुरं आत ओतली गेली आणि जिकडंतिकडं गवत तोडल्याचा कराकरा आवाज उठला. भगवानराव छाती काढून उभे होते. गाई कुणाच्या हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. जनावराला सगळं गाव शिंगावरून ओळखतं. पण माळ उघडला होता, म्हणून कुणी बोललं नाही. हलगीवाला गेला, बघे गेले, फोटो काढणारा रविकांत गेला. मान पंधरावीस मिनिटांत आटोपला आणि मग सबंध दिवस उरला.

त्या दिवसापासून भगवानरावांचं जे झालं ते बघायला कासाबाई दोनदा भाकरीच्या निमित्तानं माळावर येऊन गेल्या. टॉवेल डोक्याला, काठी हातात, आणि मानकरी गुंजीच्या मागं. गुंजी मोठी हुशार. भगवानराव दिसले की ती पट्ट्याच्या चुन्याच्या खुणेकडं निघायची आणि ते धापा टाकत जवळ आले की मान खाली घालून चरायला लागायची. धोतराला कुसळं, पायांत काटे. धुरपदाबाई बाभळीखाली उभ्या राहून नुसती जीभ टाळूला लावून आवाज काढायच्या आणि त्यांच्या गाई वळायच्या. भगवानरावांनी तसा आवाज काढून बघितला, तर गुंजीनं वर पाहिलं आणि चालू लागली.

पित्रं सरेपर्यंत पहिला पट्टा आखूड झाला, मग दुसरा उघडला. पुन्हा फेटा, पुन्हा हलगी, पुन्हा सबंध दिवस. एका सकाळी भगवानराव गाई घेऊन आले तर पहिल्या पट्ट्यात हरणं उभी होती. एक काळवीट, मागं माद्या. जिथं गवत आखूड होऊन कोवळं फुटलं होतं तिथं ती निवांत खात होती. भगवानराव थांबले. त्यांनी काठीसुद्धा टेकवली नाही, आवाज होईल म्हणून. त्या घटकेला त्यांना मनापासून आनंद झाला, हे लपवायचं कारण नाही. मग संध्याकाळी गाई बांधल्यावर ते गावात गेले आणि झोपायच्या आत वीस जणांना सांगितलं की मानाची जोडी आत गेली म्हणून हरणं परत आली.

तिसऱ्या पट्ट्यात घोटाळा झाला. ऊन फार होतं, जेवण जड झालं होतं, आणि भगवानराव बाभळीच्या सावलीत जरा आडवे झाले. ते घोरायला लागल्याचं बाकी कुणाच्या नाही, गुंजीच्या लक्षात आलं. दीपिका मोटारसायकल चराबाहेर लावून चालत फेरीला आली, तेव्हा लाल गाय चौथ्या, बंद पट्ट्याच्या मधोमध पोटभर खात होती. पायांजवळून तित्तर भर्रकन उडालं. दीपिकानं गवत बाजूला केलं तर खाली अंड्यांचा चुरा होता.

तिनं आरडाओरडा केला नाही. गाईला दावं लावलं आणि संध्याकाळी, माणसं पारावर टेकायच्या वेळेला, तिला मारुतीपुढं आणून उभं केलं. भगवानराव मागून धावत आले होते, डोळ्यांवर अजून झोप होती. धुरपदाबाई बाकीच्या गाई बांधून येऊन कडेला उभ्या होत्या.

"बंद पट्ट्यात होती. तित्तराची अंडी तुडवलीत," दीपिका म्हणाली. "राखणीला आठ दिवस माणूस पाहिजे. गाय कुणाची आहे?"

कुणी बोललं नाही. बन्सीधर नाही, हलगीवाला नाही, नेहमी मागून बोलणारा तोही नाही. धुरपदाबाईंनी शब्द दिला होता, त्या मारुतीकडं बघत राहिल्या. सगळ्या गावानं मिळून भगवानरावांना वाट करून दिली होती. 'माझी' एवढं म्हणायचं होतं. गाव मान हलवणार होतं, आणि चौथ्या-पाचव्या पट्ट्यालाही फेटा बांधता येणार होता. पुढच्या पिढीला सांगायला गोष्टही झाली असती.

भगवानरावांच्या डोळ्यांपुढं माळ उभा राहिला. उघडं ऊन, कुसळं, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. गुडघे ठणकत होते. सोयाबीन काढणीला आलं होतं. आणि आपणच लावलेला तो आठ दिवसांचा हुकूम, त्यात पळवाट ठेवायची राहून गेली होती. पणजोबा, शिळा, ओढा, चार पिढ्या, सगळं एका बाजूला आणि बाभळीची ती तोकडी सावली एका बाजूला.

"धुरपदाबाईची हाय," ते म्हणाले.

माणसं हसलीसुद्धा नाहीत. हसली असती तर भगवानरावांना बरं वाटलं असतं.

बन्सीधरांनी सावकाश विचारलं, "आन पयल्या दिवशी गेली ती जोडी?"

"ती बी त्येंचीच."

"बरं," बन्सीधर म्हणाले. "जनावर जिचं, राखन तिची. मान बी मंग तिचाच."

"आट दिवस काय," धुरपदाबाई म्हणाल्या, "मी रोजच तिथं असते. मान कुनाला द्यायचा त्येला द्या. मला गाई चारायच्यात." त्यांनी दीपिकाच्या हातातून दावं घेतलं आणि गुंजीला घेऊन गेल्या. जाताना भगवानरावांकडं त्यांनी रागानं पाहिलं नाही. मुळी पाहिलंच नाही.

घरी कासाबाईंनी ताट वाढलं. भगवानराव टोमण्याची वाट बघत जेवले. टोमणा आला नाही. भांडी उचलताना त्या एवढंच म्हणाल्या, "आट दिवस बसला असता तर झिजला असता का?" आणि आत गेल्या. भगवानरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण खोलीत कुणी नव्हतं.

चौथा पट्टा उघडायची सकाळ आली. भगवानरावांनी अंघोळ केली, फेटा बांधला. कासाबाईंना सांगितलं की नुसतं बघून येतो. मनात मात्र वेगळं होतं. बाईमाणूस, आयत्या वेळी कासरा कुणाच्या हातात देणार? गाव म्हणेल, जाऊ द्या, जुना दस्तूर आहे, धरा भगवानराव. बोलावणं येईल, आधी दोनदा नाही म्हणू, मग धरू. असं सगळं ठरवत, मिशा पुसत, ते नेहमीच्या वेळेला चराच्या वाटेवर पोचले.

तोरण नव्हतं. हलगी नव्हती. वाटेवर ताजं शेण पडलेलं होतं आणि खुरांच्या शेकडो खुणा आत गेल्या होत्या. गुरं केव्हाच पट्ट्यात पांगून खाली माना घालून चरत होती. कुणाची पहिली गेली असं भगवानरावांनी जवळच्या एकाला विचारलं. त्यानं आठवून बघितलं. "ध्यान न्हाई बा," तो म्हणाला. "उजाडताच समदी संगंच गेली."

लांबून धुरपदाबाईंनी हात केला. "भगवानराव, आलाव तसं त्या गुंजीला वळवा जरा. पाचव्या पट्ट्याकडं निघालीय."

भगवानरावांनी मागं वळून पाहिलं. बघायला कुणी आलेलं नव्हतं. त्यांनी फेटा काढून काखेत मारला आणि गुंजीच्या मागं पळत सुटले.